साळव्याचे चौदा दिवस

आमच्या शेजारच्या अरुण दोंद्यांचं वय किती, असं कोणी विचारलं की माझी बायको उलट विचारायची, "एकूण, की फक्त जमिनीवरचं?" प्रश्न चेष्टेचा होता, पण चुकीचा नव्हता. दोंदे चौदा दिवस समुद्रात असत आणि चौदा दिवस डोंबिवलीत. समुद्रात म्हणजे जहाजावर नाही. मुंबईच्या पश्चिमेला, किनारा दिसेनासा झाल्यावरही बरंच पुढे, पाण्यात लोखंडी पाय रोवून तेल आणि गॅस काढायचे प्लॅटफॉर्म उभे आहेत. त्यातल्या एकावर दोंदे रेडिओ ऑपरेटर होते. येणाऱ्या हेलिकॉप्टरला वाऱ्याचा अंदाज द्यायचा, बोटींशी बोलायचं आणि या घटकेला प्लॅटफॉर्मवर नेमकी किती माणसं आहेत तो आकडा तोंडपाठ ठेवायचा, हे त्यांचं काम. देशातल्या गाड्या आपल्या आवाजावर चालतात अशा गांभीर्याने ते करायचे, आणि थोड्या प्रमाणात ते खरंही होतं.

मानपाडा रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पहिला एसी त्यांचा आणि पहिली चारचाकीही त्यांचीच. ही गाडी चौदा दिवस कव्हर घालून उभी असे आणि पुढचे चौदा दिवस कव्हर काढून उभी असे, कारण दोंद्यांना डोंबिवलीतल्या रस्त्यांची भीती वाटायची. पायाखाली गॅसचे पाइप फुसफुसत असताना शांतपणे वरण-भात जेवणारा हा माणूस रिक्षात बसला की पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवी. समुद्रात राहण्याचा वेगळा भत्ता मिळतो हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं, आणि तो किती मिळतो हे दोंदे सोडून सगळे सांगू शकत. मात्र समुद्रातून गॅस वर काढणाऱ्या या घरातला सिलिंडर संपला की सुनंदावहिनी, म्हणजे दोंद्यांच्या पत्नी, आमचा जादाचा मागून न्यायच्या.

त्यांच्या सवयी सगळ्या तिकडच्या होत्या. जिना चढता-उतरताना कठडा धरायचा. न धरता कोणी धावत उतरताना दिसला, मग तो पोस्टमन असो नाहीतर चेअरमन, तर त्याला थांबवून परत वर पाठवायचा आणि कठडा धरून खाली यायला लावायचा. कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी दुसरा दरवाजा कुठे आहे ते बघायचे. आमच्याकडे सत्यनारायणाला आलेले, तेव्हा तीर्थ घेता घेता म्हणाले, "तुमच्या घराला बाहेर पडायला एकच वाट आहे. हे बरं नाही." डोंबिवलीतल्या सगळ्याच फ्लॅटना एकच वाट असते असं मी सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "नोंद झाली." हे त्यांचं पालुपद होतं. आनंदाची बातमी असो की दुःखाची, आधी नोंद व्हायची, मग चेहऱ्यावर काय दिसायचं ते दिसे.

एकदा सकाळी एमआयडीसीकडून उग्र वास सुटला. दोंदे तेव्हा जमिनीवर होते. त्यांनी सगळ्या मजल्यांवर जाऊन बेल वाजवली आणि पार्किंगमध्ये हजेरीला जमायचं फर्मान काढलं. हातात कागद घेऊन ते पार्किंगमध्ये उभे राहिले. आमच्या बिल्डिंगमध्ये एकसष्ट माणसं. खाली उतरली तीन. त्यातल्या परांजप्यांना पाण्याचा टँकर आलाय असं वाटलं होतं, मला दोंद्यांचं मन मोडवलं नाही, आणि तिसरा दूधवाला होता, तो तसाही खालीच होता. बाकीच्यांनी खिडकीतून सांगितलं की हा वास नेहमीचाच आहे, गुरुवारी असतो. दोंद्यांनी कागदावर पुन्हा मोजून बघितलं. प्लॅटफॉर्मवर एक माणूस कमी भरला तर सगळं काम थांबतं, आणि इथे अठ्ठावन्न कमी भरलेत आणि कुणाला चहा गाळायचा थांबवावासा वाटत नाही, हे त्यांच्या डोक्यात काही शिरेना.

दोंदे सीकेपी, म्हणजे मासे म्हटलं की जीव टाकणारे. पण तिकडे मासे मिळत नसत. चारी बाजूंना समुद्र, आणि ताटात किनाऱ्यावरून बोटीने आलेली बर्फातली कोंबडी. मासे होते ते प्लॅटफॉर्मच्या पायांशी. तिथल्या उजेडाला आणि आडोशाला ते थव्याने जमतात, आणि त्यांच्यामागे कोळ्यांच्या होड्या येतात. पण पाचशे मीटरच्या आत होडी येऊ द्यायची नाही असा नियम. त्यामुळे दिवसातून दहा वेळा वायरलेसवर आपल्या भरदार आवाजात "होडीवाले, लांब व्हा" असं मराठी, हिंदी आणि मोडक्या गुजरातीत सांगणं हाही दोंद्यांच्या नोकरीचा भाग होता.

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर मासळी बाजारात गेलो होतो. नेहमीची हिराबाई कोळीण, आणि तिच्या पाटीशेजारी तिचा भाऊ बसलेला. दोंद्यांनी पापलेटचा भाव विचारला, तशी भावाने मान वर केली आणि त्यांच्याकडे टक लावून बघत राहिला. मग म्हणाला, "परत बोल रं जरा." दोंद्यांनी परत विचारलं. तो उठून उभाच राहिला.

"तूच नं रं तो? होडीवाले, लांब व्हा?"

दोंद्यांनी नियम सांगितला, सुरक्षितता सांगितली, पाइपलाइन सांगितली. भावाने सगळं ऐकून घेतलं.

"मासा तुमचे खांबाखाली जमतो, आनि आमी लांब व्हाचं. मंग तू हितं पापलेट कशाला इचारतस?"

हिराबाईने मासे दिले, पण त्या दिवसापासून दोंद्यांना पाटीपासून हातभर लांब उभं करून. परत येताना दोंदे मला म्हणाले की त्याचं बरोबर आहे. पुढच्या खेपेला नियम तोच राहिला, होड्यांना त्यांनी हाकललंच. फक्त "होडीवाले"च्या जागी "दादा" म्हणायला लागले. एवढी सुधारणा घडवायला माझ्यासारख्या सरकारी कारकुनाला दोन आयोग लागले असते.

आता साळव्यांचं सांगतो, कारण साळव्यांशिवाय दोंदे म्हणजे पुन्हा अर्धेच.

प्लॅटफॉर्मवर एका खुर्चीला दोन माणसं असतात. एक समुद्रात तेव्हा दुसरा घरी. दोंद्यांच्या खुर्चीचा दुसरा मालक रमेश साळवे, ठाण्याजवळच्या कोलशेतचा. खुर्ची एक, कपाट एक, केबिनमधली खालची झोपायची फळी एक. दोंदे उठायचे त्या उशीवर साळवे डोकं ठेवायचे. पण दोघांची भेट म्हणाल तर तीन मिनिटांची. नवीन माणूस हेलिकॉप्टरमधून उतरून रेडिओ रूममध्ये येणार, कानाला हेडफोन लावणार, वहीत सही करणार, आणि जुना त्याच हेलिकॉप्टरने परत निघणार. हेलिकॉप्टर पंखे चालू ठेवून वर उभं असतं, ते गप्पांसाठी थांबत नाही. दोंद्यांनी एकदा जिन्यात उभं राहून मला गणित करून दाखवलं होतं. चौदा दिवसांतून तीन मिनिटं, अशी एकोणीस वर्षं. सगळी मिळून एक दिवस आणि वर चाळीसेक मिनिटं भरली. एवढ्या वेळात माणसाची ओळखसुद्धा होत नाही.

पण ओळख होती, आणि ती वहीतून होती. चार्ज देण्याची एक वही असते. तिच्या पुढच्या पानांवर इंग्रजीतून कामाचं लिहायचं: कुठला सेट खरखरतो, कुठला पायलट घाईत उतरतो. वहीच्या मागच्या पानांवर मात्र यांचं मराठी चाले. एकाने विचारलं तर उत्तर चौदा दिवसांनी. सुरमईच्या कालवणात नारळ घालावा की नाही, या वादाला सात महिने लागले. मी ती पानं बघितली आहेत. साळव्यांचं अक्षर उभं, टपोरं, एकही काना सुटलेला नाही. दोंदे म्हणायचे की बायकोचं अक्षर मी ओळखेनच असं नाही, पण साळव्याचं अंधारात ओळखेन.

यातून त्यांनी एक रीत बसवून घेतली होती. दोघांपैकी एकजण नेहमी जमिनीवर असतोच, मग जो जमिनीवर असेल त्याने दोन्ही घरं बघायची. दोंदे कोलशेतला जाऊन साळव्यांच्या आईला ठाण्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचे, निखिलला, म्हणजे साळव्यांच्या मुलाला, सायकल त्यांनीच शिकवली. आणि इकडे केतकीचं, दोंद्यांच्या मुलीचं, शाळेचे फॉर्म भरणं, तिला ताप आल्यावर डॉक्टर, सुनंदावहिनींच्या बँकेतल्या खेपा, हे साळवे बघायचे.

आता हे सगळं आमच्या बिल्डिंगला कसं दिसणार? दोंदे गेले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ येतात. दोंदे असले की येत नाहीत. परांजप्यांनी, ते तेव्हा सेक्रेटरी होते, वहिनींना आडून विचारलं. वहिनी साधेपणाने म्हणाल्या, "हो, हे असताना ते नाही येत. येऊच शकत नाहीत ना." त्याने काही भलं झालं नाही. मग कोणीतरी वॉचमनच्या वहीतून नाव काढलं. साळवे हे आडनाव कळल्यावर आमच्या सुशिक्षित बिल्डिंगमधली चौकशी आणखी दबक्या आवाजात सुरू झाली, आणि दबक्या आवाजातलं नेहमीच जास्त लांब ऐकू जातं. मीही त्यात कान देऊन उभा होतो, हे लपवत नाही.

दोंदे परत आले ते नेमके वार्षिक सभेच्या दिवशी. सगळे विषय संपल्यावर ते उठले आणि त्या रेडिओतल्या आवाजात म्हणाले, "रमेश साळवे आणि मी आज अकरा वर्षं एका बिछान्यात झोपतो. फक्त एका वेळी नाही. आणखी कोणाला काही नोंद करायची आहे का?" त्या वर्षी चहासुद्धा कोणी थांबून घेतला नाही.

केतकीचं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांनी धरलेली तारीख दोंद्यांच्या समुद्रातल्या पंधरवड्यात आली. वहीच्या मागच्या पानावर विचारायलाही वेळ नव्हता. त्या तीन मिनिटांतच दोंद्यांनी सांगितलं आणि साळवे म्हणाले, "मी थांबतो. तू मुलीचं लग्न लाव." म्हणजे साळवे सलग अठ्ठावीस दिवस तिकडे राहणार.

लग्न छान झालं. दोंद्यांनी हॉलमध्ये शिरल्या शिरल्या मागचा दरवाजा उघडा आहे ना ते बघितलं आणि मग मुलीकडे बघून रडले. साळव्यांकडचं कोणी आलं नव्हतं. कुंदावहिनींचा, म्हणजे साळव्यांच्या बायकोचा, निरोप होता की सासूबाईंना बरं नाही. लग्नानंतर पाचव्या दिवशी दोंदे लाडवांचा डबा घेऊन कोलशेतला गेले. दारात भाड्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. आत बुद्धाच्या तसबिरीशेजारी साळव्यांच्या आईचा फोटो, त्याच्यापुढे मेणबत्ती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आदल्या दिवशी होऊन गेला होता.

आई गेली ती लग्नाच्या आदल्या दुपारी. कुंदावहिनींनी प्लॅटफॉर्मवर फोन केला. तिथे कोणाच्याही घरची बातमी पहिल्यांदा रेडिओ ऑपरेटर ऐकतो आणि मग ज्याची असेल त्याला बोलावून सांगतो. ही बातमी साळव्यांना कोणाला बोलावून सांगायची नव्हती. साळव्यांना उतरायचं तर त्यांच्या जागी जाऊ शकणारा माणूस एकच, आणि तो त्या वेळी डोंबिवलीत मुलीच्या हळदीला पाटावर बसला होता. साळवे बायकोला म्हणाले, "दोंद्याला लग्नाचं सगळं आटपेपर्यंत कळवू नकोस." समुद्रातल्या माणसाला कळलं होतं, आणि दोन्ही घरं बघायला म्हणून जो जमिनीवर होता, त्या म्हातारीच्या डोळ्यांत महिनोन् महिने औषध घातलेला, त्याला पत्ता नव्हता.

दोंदे परत कामावर गेले तेव्हा त्यांनी वहीतलं त्या दिवसाचं पान काढून बघितलं. इंग्रजीत एक ओळ होती, वेळ घालून: घरून फोन, निरोप मिळाला. पुढच्या ओळीत, अकरा मिनिटांनी, हेलिकॉप्टर उतरल्याची नोंद. त्याच टपोऱ्या अक्षरात. हे मला सांगताना दोंदे जिन्यात कठडा धरून उभे होते आणि बराच वेळ त्यांना पुढची पायरी उतरता आली नाही.

वहीच्या मागच्या पानावर त्यांनी लिहिलं: "तुझे चौदा दिवस माझ्याकडे आहेत. पाहिजे तेव्हा घे." चौदा दिवसांनी उत्तर आलं: "बघू." पुढे दर खेपेला दोंदे आठवण द्यायचे. निखिलची बारावी आहे, घे. वहिनींचं ऑपरेशन आहे, घे. साळव्यांचं उत्तर ठरलेलं. "बघू." बघता बघता साळवे निवृत्त झाले, वर्षभराने दोंदेही झाले, आणि त्यांच्यानंतर ती खुर्चीच निघाली. आता तीन प्लॅटफॉर्मचं बोलणं एक कंत्राटी माणूस किनाऱ्यावरच्या ऑफिसात बसून करतो, असं ऐकलं. त्याला ना समुद्राचा भत्ता, ना जोडीदार. ज्या पंधरवड्यातले दिवस परत करायचे, तो पंधरवडाच आता कोणाच्या नोकरीत उरला नव्हता.

दोंदे कायमचे जमिनीवर आले, आणि सुनंदावहिनींची झोप उडाली. त्यांचं सगळं चौदा दिवसांच्या हिशेबाने बसलेलं: भिशी, गाण्याचा क्लास, केतकीकडे जाणं, सगळं दोंदे नसतानाच्या पंधरवड्यात. ते असतानाच्या पंधरवड्यात मासे आणि पाहुणचार. पंधराव्या दिवशी हा पाहुणा जाईना. सोळाव्या दिवशी त्याने मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावली. विसाव्या दिवशी वहिनी आमच्याकडे येऊन माझ्या बायकोला म्हणाल्या, "लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण सलग वीस दिवस मी हा माणूस कधी बघितलाच नव्हता. चांगला आहे गं, पण केवढा आहे."

दोंद्यांनाही हे कळत होतं. पण त्यांना खात होतं ते वेगळंच. रोज संध्याकाळी ते कोलशेतला फोन करायचे आणि साळव्यांना विचारायचे, काही काम आहे का. साळवे म्हणायचे, नाही. मला दोंदे म्हणाले, "दोघांपैकी एक गेला की मग कोणाला देऊ हो मी ते दिवस?" मी म्हटलं की साळवे विसरूनही गेले असतील. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग साळव्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात ठेवलं. निखिल बंगलोरहून चार दिवस आला आणि परत गेला, नव्या नोकरीत त्याहून जास्त सुट्टी नव्हती. कुंदावहिनी शाळेत शिक्षिका, ऐन परीक्षेचे दिवस. दोंदे घरी आले आणि कपाटावरची जुनी कापडी बॅग काढली. वहिनींनी सवयीने त्यात टॉवेल आणि दाढीचं सामान भरलं आणि मग विचारलं, कुठे?

दिवसा दोंदे आणि रात्री कुंदावहिनी, असं ठरलं. दोंद्यांनी एक लांब वही विकत घेतली. मी ठाण्याच्या कोर्टात कामाला, हॉस्पिटल जवळच, म्हणून सुनंदावहिनींनी दिलेला डबा दुपारी मी पोचवायचो. त्या वहीत मी वाचलेलं असं: आठ दहा, चहा, अर्धा कप. नऊ, डॉक्टर आले, दोन मिनिटं थांबले. नऊ वीस, पेशंट नाराज. दहा, पेशंटची कूस बदलली, पेशंट अजून नाराज. नर्सेस पहिल्या दिवशी हसल्या, तिसऱ्या दिवशी वैतागल्या, आणि मागच्या जिन्याच्या दारापुढे रचलेली खोकी हलवल्याशिवाय हा माणूस मेट्रनच्या टेबलासमोरून उठणार नाही असं दिसल्यावर मुकाट्याने खोकी हलवून मोकळ्या झाल्या.

दोघं एकमेकांशी काय बोलत असतील अशी मला उत्सुकता होती. काहीच बोलत नव्हते. एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसऱ्याला समोर बसून साळव्यांशी बोलायची सवयच नव्हती. डॉक्टरांनी डाव्या हाताने लिहायचा सराव सांगितलेला. साळव्यांनी पहिल्यांदा काहीतरी लिहिलं तेव्हा मी तिथे होतो. वाकडीतिकडी, घसरत गेलेली दोन अक्षरं. दोंद्यांनी कागद जवळ नेला, लांब नेला, चष्मा पुसला. त्यांना ते अक्षर ओळखता येईना. "पाणी" लिहिलं होतं. पाणी पाजून झाल्यावर ते बाहेर आले, कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी डबा उघडून ठेवला.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिस सुटल्यावर तिथे गेलो. कुंदावहिनी आल्या होत्या. दोंद्यांनी त्या दिवसाच्या नोंदी संपवल्या, खाली पट्टीने रेघ मारली आणि लिहिलं: चौदा दिवस पूर्ण, चार्ज दिला. आपली सही केली. प्लॅटफॉर्मवर नियम असा की घेणाऱ्याची सही झाल्याशिवाय देणाऱ्याला जागा सोडता येत नाही. त्यांनी वही साळव्यांच्या पुढ्यात धरली आणि डाव्या हातात पेन दिलं. आवाज अगदी ड्यूटीवरचा होता.

"साळव्या, तुझे चौदा दिवस. सही कर."

साळव्यांनी पेन धरलं. शेवटचं पान वाचलं. मग डाव्या हाताच्या बोटांनी वहीची पानं मागे न्यायला लागले. एकेक पान उलटायला त्यांना वेळ लागत होता, आणि दोंदे मदत करायला गेले तर ते हात बाजूला सारत. पहिल्या दिवसाचं पान आलं. पहिली नोंद सकाळी साडेअकराची होती. साळव्यांनी त्या आकड्यावर पेन टेकवलं आणि दोंद्यांकडे बघितलं.

"अरे, पहिल्या दिवशी मानपाडा रोडवर बसच मिळाली नव्हती," दोंदे म्हणाले.

साळव्यांनी त्या दिवसावर एक वाकडी फुली मारली. मग पेन उशीखाली ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. सही केली नाही.

कुंदावहिनी पदराने तोंड झाकून खिडकीशी गेल्या. दोंदे वही हातात धरून उभे. नोंदीत चूक सापडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जो खराखुरा वैताग असतो तो त्यांच्या चेहऱ्यावर होता. ते वहिनींना म्हणाले की उद्या सातला येतो, आणि बॅग तिथेच पलंगाखाली ठेवून निघाले. जिना उतरताना ते साळव्यांच्या काटेकोरपणाबद्दल तक्रार करत होते, हा माणूस पहिल्यापासून असाच, एक मिनिट इकडचं तिकडे चालत नाही याला. त्यांचा एक हात कठड्यावर होता आणि दुसऱ्या हाताने ते सारखे डोळे पुसत होते. इतका सुखी माणूस मी त्या हॉस्पिटलच्या जिन्यावर दुसरा पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी साळव्यांना दुसरी चूक सापडली. तिसऱ्या दिवशी आणखी एक. साळवे कोलशेतला घरी आले आणि वहीही तिथे गेली. सुनंदावहिनींचा गाण्याचा क्लास पुन्हा सुरू झाला, त्या बारीक झाल्या आणि टवटवीत दिसायला लागल्या. दोंदे आम्हाला दिसायचे ते फक्त सकाळी निघताना.

आम्ही कल्याणला राहायला गेलो त्या दिवशी सकाळी खाली टेम्पोत सामान चढत होतं. दोंदे कठडा धरून जिना उतरत आले. आम्ही जातोय हे त्यांना माहीत होतं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि टेम्पोचा मागचा दोर नीट बांधा म्हणून सांगितलं. मी साळव्यांची चौकशी केली.

"चालतोय आता. बोलतोही थोडं," ते म्हणाले. "काल भिंतीला धरून नऊ पावलं टाकली. मी नऊ लिहिली. तो म्हणतो, आठच."

"मग?"

"मग काय. कालचा दिवस बाद."

त्यांनी घड्याळ बघितलं आणि गेटकडे निघाले. मी मागून हाक मारली, पण ते थांबले नाहीत, नुसता हात वर केला. उशीर झाला तर आजचाही दिवस साळवे धरणार नाहीत, म्हणून ते घाईत होते.